हंसाबेन बोलल्या म्हणून

काम काय करतेस, असं कुणी विचारलं की दुर्गा उतेकर 'साफसफाई' एवढंच म्हणते आणि समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करते. एकदा काशीगावात हळदीकुंकवाला एका बाईने फारच खोदून खोदून विचारलं, तेव्हा दुर्गाने खरं ते सांगून टाकलं. त्या बाईने हातातली चिवड्याची बशी हळूच खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. तेव्हापासून दुर्गा लोकांच्या खाण्याची काळजी घेते.

तर खरं ते असं. माणूस घरात एकटा असताना जातो, शेजाऱ्यांना कळायला दोन दिवस लागतात. कुणी जिवाला कंटाळून काहीतरी करून बसतं. कुणी पडतं आणि डोकं फुटतं. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, गाडी येऊन देह घेऊन जाते आणि दार ओढून सगळे निघून जातात. मागे फरशीवर, गादीत, भिंतीवर जे उरतं, ते कुणी पुसायचं? आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी ते घरचेच पुसतात. ज्या पोरीने बापाला पाणी पाजलं तिनेच बादली आणि फडकं घेऊन खाली बसायचं, यासारखा दुष्टपणा दुसरा नाही. तो दुष्टपणा कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून दुर्गा जाते. काम संपलं की त्या खोलीत नुसता साबणाचा वास उरतो. घरचे दारातून आत डोकावतात आणि बहुतेकदा तिथेच रडायला लागतात.

ती मूळची पोलादपूरकडची. लग्न होऊन काशीगावात आली. नवरा रामनाथ भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात पॉलिशला, सासू हौसाबाई घरात हुकूम सोडायला. मुलगी संचिता कॉलेजात जाते. दुर्गा आधी एका नर्सिंग होममध्ये आया होती. कोरोनात ते बंद पडलं, तेव्हा भाईंदरच्याच इंद्रलोक भागातल्या अल्पेश नावाच्या माणसाने तिला फवारणीच्या कामाला घेतलं. अल्पेशचा मूळ धंदा झुरळं-ढेकूण मारण्याचा. त्या काळात एका बंद घरातून माणूस नेल्यावर ते घर साफ करायला कुणी धजेना. दुर्गा गेली, नीट काम करून आली आणि संध्याकाळी भाकरीही जेवली. अल्पेशने ओळखलं की ही बाई टिकणार, आणि त्याच्या धंद्याला हा दुसरा फाटा फुटला.

अल्पेश तसा चिक्कू. पाहुण्यालाही कटिंगच पाजणार. पण हातमोजे मात्र दोन-दोन जोड, मास्क चांगल्यातला, गमबूट प्रत्येकाच्या मापाचे. कामाला लागायच्या आधी त्याने सगळ्यांना काविळीची लस टोचून घ्यायला लावली, आणि साईराज नावाचा दुर्गाचा जोडीदार सुईला घाबरून पळाला तर त्याला स्कूटरवरून पकडून आणलं. दोघांनी एकमेकांच्या मनगटावरची हातमोज्याची पट्टी ओढून बघायची आणि मगच आत जायचं. "अंदर गया तो कपडा ही चमडी है," तो म्हणायचा. "चमडी कोई उतारता है क्या?" दुर्गा आणि साईराज त्याची नक्कल करून हसायचे. आता हसत नाहीत.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. जेसल पार्कातल्या एका सोसायटीत गुणवंतभाई ठक्कर म्हणून वयस्क गृहस्थ राहत. बायको हंसाबेन, मुलगा परेश, सून असं भरलं घर. सगळे राजकोटला लग्नाला गेले होते. गुडघा दुखतो म्हणून गुणवंतभाई मागे राहिले. सकाळी देवपूजेला बसताना चक्कर आली असावी. देवघराच्या संगमरवरी पायरीवर डोकं आपटलं. फोन उचलेनात म्हणून शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. घरची माणसं धावत परत आली, अंत्यसंस्कार झाले. मग त्या घरात पाऊल कसं टाकायचं हा प्रश्न आला, आणि कुणीतरी परेशला अल्पेशचा नंबर दिला.

दुर्गा आणि साईराज सकाळी पोचले. हंसाबेनना समोरच्या शेजाऱ्यांच्या घरात बसवलं होतं. आत जाताना दुर्गाला त्या दिसल्या. खुर्ची असून जमिनीवर बसलेल्या, भिंतीला पाठ लावून. दुर्गाने नुसतं डोकं हलवलं, त्यांनीही हलवलं.

काम नेहमीचंच. आधी औषध फवारायचं, त्याला त्याचा वेळ द्यायचा, मग स्वच्छ बाजूकडून घाणीकडे पुसत जायचं, पुसलेलं सगळं दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. साईराज पॅसेजमध्ये राबत होता. दुर्गा पुसत पुसत देवघरापाशी आली. छोटीशी खोली, एक पायरी चढून जायची, आत कृष्णाची मूर्ती, वाळलेली फुलं, विझलेलं निरांजन. रक्त पायरीवरून आत, आसनाखाली गेलेलं होतं. आत जावं लागणार होतं.

आणि दुर्गा थांबली. तिने खाली बघितलं. ज्या गमबुटांनी ती सकाळपासून रक्तात उभी होती, तेच घालून देवापुढे जायचं? जन्मात कधी ती चप्पल घालून देवासमोर उभी राहिली नव्हती. गावच्या घरी तर स्वयंपाकघरातसुद्धा चप्पल गेली नाही कधी. अल्पेशचे सगळे धडे तिला पाठ होते, ते त्या क्षणी आठवलेही असतील, पण पाय ऐकेनात. तिने बूट काढले, पायरीखाली नीट जोडून ठेवले, मूर्तीला नमस्कार केला आणि नुसत्या पायमोज्यांवर आत पाऊल टाकलं. तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा. वेडेपणाच. पण तुमच्या-माझ्या घरातल्या कुठल्या बाईने वेगळं केलं असतं, ते सांगा.

आसनाच्या कडेखाली सुई होती. गुणवंतभाईंना मधुमेह होता, पूजेआधी इन्शुलिन टोचून घ्यायची त्यांची सवय. पडताना हातातली सुई तिथे घरंगळली होती. ती दुर्गाच्या तळपायात घुसली.

साईराजने तिला बाहेर काढलं. बाथरूममध्ये वाहत्या पाण्याखाली पाय धरून साबण लावत राहिला, दाबू नको, दाबू नको, असं स्वतःलाच सांगत. खाली गाडीत बसलेला अल्पेश धापा टाकत वर आला. पाय नीट धुऊन होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग मात्र असा काही ओरडला की दोन मजल्यांवरची दारं उघडली. ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरकला, तेव्हा दुर्गाला कळलं की हा रागावलेला नाही, घाबरलेला आहे. मग तीही घाबरली.

अल्पेशने तिथेच जिन्यात उभं राहून परेशला फोन लावला. परेश खाली सोसायटीच्या ऑफिसात होता, तो फोन कानाला लावूनच वर आला. "आपके पिताजी को और कोई बीमारी थी क्या? खून की कोई बीमारी? पूछना पडता है, बुरा मत मानना." परेशने बुरा मानलंच. "शुगर थी. बस शुगर. मेरे पप्पा रोज मंदिर जानेवाले आदमी थे, आप क्या पूछ रहे हो?" समोरच्या उघड्या दारातून हंसाबेनना हे सगळं ऐकू जात होतं.

सरकारी रुग्णालयातली डॉक्टर तरुण होती, रुचिता नावाची, आणि तिने दुर्गाला बाकावर ताटकळत ठेवलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. काविळीची लस झालीय ऐकून तिने सुटकेचा श्वास सोडला. "राहिला एचआयव्हीचा प्रश्न. त्याच्यावर गोळी आहे, महिनाभर घ्यायची. पण ती जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. तीन दिवस उलटले तर उपयोग नाही. आता, घरच्यांना खात्री आहे ना, की त्यांना तसं काही नव्हतं?"

"मुलगा तर नाही म्हणतो," दुर्गा म्हणाली.

"मग बहुतेक गरज पडणार नाही. मी सिनियरना विचारून येते. थोडं बसा." अल्पेश फोन घेऊन बाहेर गेला, साईराजला उरलेलं काम एकट्याने आटपायला सांगायचं होतं. दुर्गा एक पाय चपलेत आणि एक पाय पट्टीत अशी बसून राहिली. गरज पडणार नाही म्हटल्यावर खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाटत होतं की संचिताचं अजून कॉलेज व्हायचंय.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि हंसाबेन उतरल्या. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, पायात शेजारणीच्या चपला, त्याही मोठ्या, फटक फटक वाजणाऱ्या. त्यांच्याकडे नवरा गेलेली बाई दिवस होईपर्यंत उंबरा ओलांडत नाही. रस्त्यावर चार ओळखीची माणसं थबकून बघत राहिली असणार. हंसाबेन सरळ दुर्गापाशी आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.

"दुर्गा नाम छे ना? सांभळ, दीकरी. ऐक." गुजराती, हिंदी, मराठी, जे तोंडात येईल ते त्या बोलत होत्या. "उनको होती वो बीमारी. बहुत साल से. त्यांना माहीत आणि मला माहीत. दुसरं कोणालाच नाही, परेशला पण नाही. मला नाही ती, माझी दर वर्षी तपासणी होते. गोळी त्यांनी एक दिवस चुकवली नाही. डॉक्टर म्हणायचे, आता रक्तात दिसत पण नाही. पण तू सांग त्या डॉक्टरला. आत्ता सांग."

दुर्गा बाकावरच त्यांच्याकडे वळली.

"मी बोलले नाही तिथे," हंसाबेन म्हणाल्या. "परेश समोर होता. मनात म्हटलं, माणूस गेला आता, त्याचं नाव कशाला... तू निघून गेलीस तरी मी बसूनच राहिले. बैठी रही, बेटा. त्या वेळाची मला माफी कर."

खोटं कशाला सांगायचं, दुर्गाला आधी संताप आला. तिच्या डोक्यात सणक गेली की ही बाई अजून थोडा वेळ तशीच बसून राहिली असती तर? पण दुसऱ्याच क्षणी तिला कळलं, की हिला तसंच बसून राहणं किती सोपं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. कुणाला कधीच कळलं नसतं. जन्मभर झाकलेली गोष्ट, नवऱ्याचे दिवसही झाले नसताना, ही बाई एका परक्या साफसफाईवालीसमोर उघडी करत होती. का, तर त्या परकीला दोन गोळ्या वेळेवर मिळाव्यात म्हणून. दुर्गाने हंसाबेनचा हात धरला आणि सोडलाच नाही. डॉक्टर परत आली तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या.

"धोका अगदी थोडा आहे," डॉक्टर रुचिता सगळं ऐकून म्हणाली. "त्यांचं औषध नियमित होतं, म्हणजे तर फारच थोडा. पण थोडा म्हणजे नाही असं नव्हे. गोळी आत्ताच घ्या, माझ्यासमोर. तेसुद्धा हीच घेत असणार." मग ती हंसाबेनकडे वळली. "माझ्याकडून हे कुणालाही कळणार नाही, आई."

"माझ्याकडून पण नाही," दुर्गा म्हणाली. "देवाची शपथ."

अल्पेश परतला तेव्हा हंसाबेन गेल्या होत्या आणि दुर्गाच्या हातात गोळ्यांची डबी होती. "अरे, ये कैसे? वो तो बोली थी जरूरत नहीं."

"डॉक्टरांना वाटलं, देऊन टाकू."

अल्पेश व्यापारी माणूस, समोरच्याच्या चेहऱ्यावरून भाव ओळखणारा. त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि परत कधी विचारलं नाही. दुर्गा त्याच्या चिक्कूपणाबद्दल आजही टोमणे मारते, पण त्या न विचारण्यासाठी तिने त्याला मनातून सगळं माफ केलंय.

रामनाथला तिने सुई लागल्याचं सांगितलं, कुणाच्या घरात ते नाही. शेवटची तपासणी होईपर्यंत जपून राहावं लागेल हेही सांगितलं.  तो म्हणाला, "काम सोडतेस का?" ती नाही म्हणाली. "मग सकाळचा चहा मी करीन," म्हणाला आणि खरोखरच करायला लागला. अत्यंत वाईट चहा. दुर्गा तो थेंब न सांडता प्यायची.

गोळीने तिला मळमळायचं. सकाळी मोरीत उभी राहून उमासे काढायची. हौसाबाईंनी आठवडाभर हे बघितलं आणि एक दिवस कैरीचं लोणचं पुढ्यात ठेवून, आवाज बारीक करून विचारलं, "काय गं, दिवस गेलं का काय तुला? या वयात? रामनाथ तरी कसा म्हनायचा!" दुर्गाला हसू आवरेना. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा पोट धरून हसली आणि हसता हसता रडली. हौसाबाईंची तर खात्रीच पटली. पुढे तसं काही नाही म्हणून कळल्यावर त्या सुनेवर जरा नाराजच झाल्या.

अल्पेशने नंतर एक नवा नियम केला, आणि तो दुर्गाशी भांडून केला. तो म्हणत होता, बूट काढायचे नाहीत म्हणजे नाहीत. ती म्हणत होती, तुम्ही कितीही सांगा, देवघर आलं की आमच्यासारख्यांचे पाय अडणारच, उद्या साईराजही काढेल. शेवटी तिनेच तोड काढली. कोऱ्या पांढऱ्या गमबुटांची एक जोडी आणली, ती वेगळ्या पिशवीत. देवघरापाशी आलं की दाराबाहेर बूट बदलायचे, आत फक्त तेच घालायचे, काम झालं की धुऊन परत पिशवीत. धुतलेले, कोरे बूट देवाला चालतील असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. अल्पेशच्या आईने त्या बुटांना कुंकू लावून दिलं. आता कामाला निघताना साईराज आधी विचारतो, "देवाचे बूट घेतले का?"

शेवटच्या तपासणीचा निकाल उन्हाळ्यात आला. काही नव्हतं. डॉक्टर रुचिताने उठून तिला मिठी मारली. दुर्गाने आधी रामनाथला फोन केला, तो कारखान्याच्या आवाजात नुसता "काय? काय?" करत राहिला, तेव्हा तिने ओरडून सांगितलं. फोन ठेवला आणि ती जेसल पार्कला निघाली. तिला हंसाबेनना सांगायचं होतं. एवढे दिवस तिकडेही कुणीतरी जीव मुठीत धरून बसलं असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दार परेशने उघडलं. ओळखायला त्याला वेळ लागला. "अभी तो कुछ काम नहीं है," तो म्हणाला.

"काम नाही दादा. काकींना भेटायला आले." तेवढ्यात हंसाबेन बाहेर आल्या आणि दुर्गाचा चेहरा बघून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दुर्गाने वाटेत घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "काकी, सहज आले. मी बरी आहे. एकदम बरी."

हंसाबेन तिथेच खाली बसल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "परेश, दरवाजो बंध कर. बेस."

दुर्गाने डोळ्यांनी नको नको केलं. हंसाबेननी मान हलवली. "नहीं, बोलने दे. इतने महिने तू सांभाळलंस. परकी असून. मी तर त्याची आई आहे, मी कशाला घाबरू?" आणि त्यांनी मुलाला सगळं सांगितलं, गुजरातीत, सावकाश. दुर्गाला निम्मंच समजत होतं. परेशच्या चेहऱ्याकडे तिला बघवत नव्हतं. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. मग तो दुर्गाकडे वळला. "उस दिन मैंने फोन पे बोला, बस शुगर..."

"तुम्हाला माहीत नव्हतं, दादा. आणि तुमच्या आई आल्या ना मागोमाग. त्या आल्या म्हणून मला गोळी वेळेत मिळाली, नाहीतर जन्मभर झुरले असते."

परेश बसला. त्याने कुणाला दोष दिला नाही, कसं झालं ते विचारलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "वो गोली... आपने भी वही खाई? पप्पावाली?"

"हो. तीच."

"कैसा लगता है?"

दुर्गाला आधी कळलं नाही तो काय विचारतोय. मग कळलं. "सुरुवातीला मळमळतं," ती म्हणाली. "केळं खाऊन घेतली की जरा बरं. रात्री झोप लागत नाही नीट. लागली तर कसलीतरी स्वप्नं पडतात. मग पडून राहवत नाही, उठून चालावंसं वाटतं."

परेश जमिनीकडे बघत होता. "पप्पा रात को हॉल में चलते थे," तो म्हणाला. "इधर से उधर. मैं अंदर से चिल्लाता था, सो जाओ ना, हमको सुबह उठना है." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हंसाबेननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि मान वर केली. "और? और बताइए."

दुर्गाने पर्स बाजूला ठेवली आणि ती सांगत गेली. तोंडाची चव कशी जाते, कुठली भाजी नकोशी होते, कुठल्या वेळी जरा हुशारी वाटते, चालून चालून पाय दमले की पहाटे कशी छान झोप लागते. परेश एकेक गोष्ट ऐकत होता, मध्येच "हाँ, हाँ, वो भी," म्हणत होता. त्याच्या बापाचं जे त्याला कधी कळलं नव्हतं, ते तिच्या अंगाने महिनाभर भोगलं होतं. ते आज त्याच्या हाती देता येतंय, याचंच तिला फार बरं वाटत होतं.